मालकीचं पान

रिनानं अंगठा टेकवून मोबाईल उघडला, तसा देवरावमामा हसला. "लय भरवसा दिसते तुह्या अंगठ्यावर."

डिसेंबरची थंडी, चंद्रपूरची गच्ची, लाईट गेलेले, आणि जुन्या घमेल्यात पेटवलेली चार लाकडं. रिना नागपूरहून सुट्टीत आलेली. तिचा मावसभाऊ प्रणित फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला, म्हणजे घरातला अर्धा डॉक्टर. आणि मामाचं बल्लारपूरला तीस वर्षं रद्दीचं दुकान. मामा बोलायला लागला की कोणी खाली जेवायला उठत नाही, हे घरात ठरलेलंच.

"काय झालं मामा अंगठ्याले?"

"मले काई नाई झालं. धनराज सराले झालं. तुमी नाई ओळखत त्याले, मी ओळखतो. तारीख बी सांगतो. एकोणीस नोव्हेंबर, दोन हजार तेवीस, रविवार."

"फायनल," प्रणित लगेच म्हणाला.

"हो. अख्खा देश तोंड पाडून झोपला ना, ती रात्र."

मग मामानं लाकूड पुढं सरकवलं आणि सुरू केलं.

हे धनराज सर म्हणजे रिटायर्ड प्राचार्य. चंद्रपुरातच तुकूमला बंगला, पोरगी परदेशात, बायको पोरीकडे. जन्म गोंडपिपरीचा, पण बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं हा माणूस पुण्याहून कालच उतरला आणि इथलं पाणी त्याला बाधलंय. कोणी 'मले' म्हटलं की सर डोळे मिटून घ्यायचे. दुखल्यासारखे.

छंद पुस्तकांचा. आता पुस्तकं म्हणजे तुम्ही-आम्ही वाचतो ती नाही हं. दोन हजार वर्षांपूर्वीचे रोमन कवी, त्यांच्या कविता लॅटिनमध्ये, आणि त्या दोन-अडीचशे वर्षांपूर्वी विलायतेत छापलेल्या. चामड्याची बांधणी, सोन्याची किनार, आत तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं. अशी अकरा पुस्तकं सरांच्या काचेच्या कपाटात होती, डांबराच्या गोळ्यांच्या वासात गुदमरत.

"लॅटिन येत होतं त्याईले?" रिनानं विचारलं.

"ल नाई येत होता लॅटिनचा."

"मग?"

मग काय. सर कविता वाचायचे नाहीत, चित्रंही फारशी बघायचे नाहीत. बघायचे फक्त पहिलं पान. जुने बडे लोक तिथं आपल्या घराण्याचं चिन्ह छापलेली चिठ्ठी चिकटवायचे, नाहीतर सही करायचे. पुस्तक एका मोठ्या माणसाकडून दुसऱ्या मोठ्या माणसाकडे जाई, आणि त्या पानावर सह्यांची उतरंड लागे. मालकीचं पान. घरी आलेल्या माणसाला सर कपाटासमोर उभं करायचे आणि विचारायचे, "हे कोणाचं होतं, माहीत आहे?" एकेका पुस्तकाला हाच प्रश्न. अकरा वेळा. चहा एकदाही नाही.

"म्हणजे घोड्यावर बसायचंच नाई," मामा म्हणाला. "घोडा कोनाचा होता तेवढं सांगत फिरायचं."

मामाची आणि त्यांची ओळख रद्दीतूनच. जुने बंगले मोडले, एखादं ऑफिस रिकामं झालं, की गठ्ठे मामाच्या दुकानात येत आणि तिथून लगद्याला जात. जुनं चामड्याचं काही दिसलं की मामा बाजूला काढून सरांना फोन करी. सर यायचे, नाकाला रुमाल लावून. मामाला त्यांनी पंधरा वर्षांत एकदाही देवराव म्हटलं नाही. "ए रद्दीवाल्या." एकदा गठ्ठ्याची लोखंडी पट्टी घाईनं ओढताना त्यांचा उजवा अंगठा तिरपा कापला. हळद मामानंच दाबली, पट्टी मामानंच बांधली, दवाखान्यात मामाच घेऊन गेला. तीन टाके. कायमची तिरपी खूण राहिली अंगठ्यावर. आभार वगैरे नाही. "तुझं दुकान फार घाण आहे," एवढं म्हणाले.

"अंगठ्यावरची ती तिरपी रेघ ध्यानात ठेवा," मामा म्हणाला. "पुढं लागते."

तर त्या वर्षी मुंबईतल्या अशाच हौशी लोकांच्या एका मंडळानं प्रदर्शन ठरवलं. जुनी पुस्तकं आणि त्यांचे नामवंत मालक. छापील यादी निघणार, प्रत्येक पुस्तकाखाली मालकांची नावं ओळीनं. पहिल्या मालकापासून आजच्या मालकापर्यंत. सर या यादीसाठी नुसते वेडे झाले होते. आयुष्यभर मुलांच्या हजेरीपटावर सह्या केलेला माणूस, त्याचं नाव एकदा लॉर्डाच्या खाली छापून येणार होतं. अडचण एवढीच की त्यांच्या अकरा पुस्तकांचे मालक मंडळाला फुटकळ वाटले. कोण दोन पाद्री, कोण एक घोड्यांचा डॉक्टर.

आणि नेमकं तेव्हा मामाच्या कानावर आलं की चामोर्शीच्या अलीकडे एका गावात एका म्हातारीकडे असं पुस्तक आहे. तिचा बाप इंग्रजांच्या काळात जंगलातल्या फॉरेस्टच्या बंगल्यावर चौकीदार होता. तिथल्या साहेबानं जाताना त्याला दिलेलं.

"त्या चौकीदाराचं नाव लटारू," मामा म्हणाला. "हे बी ध्यानात ठेवा. कारन सरानं नाई ठेवलं."

मंडळाला मालकीच्या पानाचा फोटो हवा होता. शेवटची मुदत एकोणीस तारीख, रात्री बारा. सरांनी मामाला फोन केला, गाडीत बस, गाव दाखव. मामा म्हणाला, "आज फायनल हाये सर. आज तं बाप मेला तरी उद्या जाळू." सर म्हणाले, "तुम्हा लोकांचं काही होणार नाही." आणि एकटेच निघाले.

दुपारी दोनला निघाले. बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी, आष्टी. रस्ता रिकामा. पानठेल्यांवर टीव्हीपुढं घोळके, बाकी माणूस नाही. सर काच वर करून, एसी लावून, त्या घोळक्यांकडे बघत बघत गेले. कोठारीच्या जंगलात फॉरेस्टचा नाका लागला. सिमेंटची खोली, कुलूप. लोखंडी दांडा आभाळाकडे उभा. तिथला माणूसही मॅच बघायला गेला असणार. देश असाच चाललाय, असं काहीतरी मनात म्हणत सर पुढं गेले.

चार वाजता गाव. म्हातारीचं नाव मनकर्णा. पंचाहत्तरी ओलांडलेली, अंगणात धानाचा ढीग सुपानं सारखा करत होती. शेजारच्या घरात टीव्हीचा आवाज.

"बसा भाऊ," तिनं खाट दाखवली.

सरांनी रुमालानं खाट पुसली आणि मग बसले. पाण्याचा तांब्या ओठांजवळ नेऊन तसाच खाली ठेवला. मनकर्णाबाईनं ते पाहिलं. घरात गेली, धानाच्या ढोलीत कोपरापर्यंत हात घातला आणि एक गाठोडं काढलं. जुना खाकी कोट होता, एकही बटन नसलेला. कोटाच्या आत ते.

सरांनी पहिलं पान उघडलं आणि डोळ्यांजवळ नेलं. वर एका लॉर्डाच्या घराण्याचं चिन्ह. त्याखाली कलकत्त्याच्या एका न्यायमूर्तीची सही. त्याखाली त्या जंगलसाहेबाची, ज्यानं या भागातली अर्धी जंगलं मोजली होती. लॉर्ड, न्यायमूर्ती, साहेब. आणि साहेबाच्या सहीखाली त्याच्याच हातची इंग्रजीत एक ओळ, आता हे याचं. त्या ओळीखाली अंगठा.

केवढा मोठा अंगठा. काळाकुट्ट. एकेक रेघ मोजून घ्यावी असा.

"हा बाबाचा," मनकर्णाबाई म्हणाली. "साहेब म्हने शाई घे. बाबा म्हने शाई पान्यानं जाते. बिब्बा टोचला, अंगठ्याले लावला अन ठेवला. धोबी खून करते ना कपड्याले, तोच बिब्बा. जलमभर जात नाई. आठ दिवस फोड होते म्हने अंगठ्याले."

मग ती चित्रं दाखवायला लागली. सरांना घाई होती, पण पुस्तक तिच्या मांडीवर. "हे पाहा, हे पोरगी झाड होऊन राह्यली. बोटं पाहा तिचे, पानं फुटून राह्यले. बाबा म्हने मोहाचं झाड हाये हे. अन हा, डोक्याले पाला बांधलेला. याले लग्नात जेवाले बोलावलं नाई म्हनून जंगलात जाऊन बसला. दर दिवाळीले सारा गाव अंगनात बसे, बाबा एक एक चित्र सांगे. मले सारे पाठ हाये."

सर हसले. चांगलं नाही, ते नाकातून हसतात ना, तसं. "हे जगातलं श्रेष्ठ काव्य आहे बाई. लग्नातलं जेवण नाही."

"काय लिवलं हाये मंग यात?"

सरांनी घड्याळ पाहिलं. काय लिहिलंय ते त्यांनाही कुठं माहीत होतं.

"मले काई नको भाऊ," ती म्हणाली. "ढोलीले उदई लागली. दोन सालात खाऊन टाकन हे. देवरावभाऊ म्हने तुमच्याकडं काचेचं कपाट हाये. ठेवा. पन बाबाचा अंगठा सांभाळा. फोटो नाई त्याचा. कुठी नाव नाई लिवलेलं. एवढाच हाये तो."

"हो हो. सांभाळणार ना."

"अन घेनारानं खाली आपला लावावा, असं बाबा सांगून गेला. बिब्बा हाये घरात. लावता काय?"

सर ताडकन उठले. "मी अंगठाछाप वाटलो का तुम्हाला? प्राचार्य होतो मी. बावीस वर्षं."

शेजारचा टीव्ही तेवढ्यात गप्प झाला होता. अख्ख्या आळीनं ऐकलं.

मनकर्णाबाईनं कोट झटकला, घडी घातली. "बरं. राहू द्या मंग." पुस्तक तिनं त्यांच्या हातात दिलं. "बाबाचं नाव तेवढं..."

पण सर गाडीकडे निघाले होते.

रिना म्हणाली, "काय माणूस आहे यार."

"थांब," मामा म्हणाला. "अजून कुठी काय केलं त्यानं."

तासभर सरांनी गावाबाहेर गाडी लावून भिंगातून ते पान पाहिलं. मग अंधार पडला. आष्टी ओलांडून गोंडपिपरीच्या बाहेर एका ढाब्यावर थांबले, साडेआठ झाले होते. मोबाईलला रेंज होती. फोटो काढला आणि पाठवायच्या आधी मोठा करून बघितला.

लॉर्ड. न्यायमूर्ती. साहेब. चौकीदाराचा अंगठा. आणि खाली आपण?

यादीत छापणार काय? लॉर्डापासून निघालेली ओळ एका अंगठ्यावरून उडी मारून आपल्यापर्यंत येणार? मुंबईची माणसं चहा पिता पिता हसतील. चंद्रपूरचे का, ते चौकीदारानंतरचे?

आता हे असलं फक्त या छंदाच्या माणसालाच सुचतं. तुम्हा-आम्हाला तो अंगठा म्हणजे पुस्तकातली सगळ्यात भारी गोष्ट वाटली असती. सरांना तो डाग वाटला. गाडीत त्यांची पेटी कायम असायची. बारीक पातं, कापूस, मऊ ब्रश. जुना जाड कागद पात्यानं वरचेवर खरवडला की वरचा थर निघतो, मग घोटून गुळगुळीत करायचा. घोटायला ढाब्यावरच्या पोराकडून डाळीचा चमचा मागून आणला. एसी बंद, आतला लाईट चालू. ढाब्यातले सगळे टीव्हीकडे तोंड करून. मॅच हातातून चाललेली, कोणी हूं की चूं करत नव्हतं. त्या शांततेत सर अर्धा तास खरवडत बसले. खर्र. खर्र. काळा भुगा मांडीवर, बोटांवर. फुंकर मारली की उडायचा.

मोकळ्या झालेल्या जागेवर त्यांनी आपली झोकदार सही केली, पदव्यांसकट. फोटो काढला. नऊ बाराला पाठवला. पुस्तक पेटीतल्या कापडात नीट गुंडाळून बाजूच्या सीटवर ठेवलं.

पलीकडे टीव्ही बंद झाला. माणसं उठली, एकमेकांशी न बोलता मोटरसायकली काढून निघून गेली. ढाबेवाला शटर ओढत म्हणाला, "हारलो साहेब."

"मी नाही," सर म्हणाले.

"त्यानं असं म्हणलं?" प्रणितनं विचारलं.

"त्याच्याच तोंडचं सांगून राह्यलो."

साडेनऊला सर निघाले. खूश होते. शीळ घालत होते. गोंडपिपरीचे दिवे मागं गेले, सागाचं जंगल सुरू झालं. समोरून एक गाडी नाही. मागून नाही. अंगठा जरा चुरचुरत होता, स्टिअरिंगला घासत घासत ते चालले होते.

मग नाका आला.

दुपारी लोखंडी दांडा होता. आता बांबू होता. आडवा. खाली.

सिमेंटची खोली दिसली नाही. अंधार असेल.

बांबूपाशी कंदील. खाली जमिनीवर ठेवलेला. त्याच्या बाजूला माणूस उभा. उंच. तोंडाला दुपट्टा. अंगात खाकी कोट.

सरांनी हॉर्न दिला. माणूस हलला नाही. पुन्हा दिला. तो काचेपाशी आला. काच सरांनी दोन बोटं खाली केली.

"नोंद, साहेब."

"कसली नोंद? दुपारी गेलो इथूनच. कोणी नव्हतं."

"दुपारी काई नेत नव्हते तुमी."

सरांना राग आला. एवढ्या तेवढ्यासाठी अडवणारी ही माणसं त्यांना मुळातच आवडत नसत. "मी कोण आहे, माहीत आहे का तुला?"

"ते नाई विचारलं साहेब," तो माणूस म्हणाला. आवाज चढला नाही, पडला नाही. "कोनाचं नेऊन राह्यले, ते सांगा."

सर बाजूच्या सीटकडे बघायचं नाही म्हणत होते. बघितलं. पुस्तक तिथंच होतं. कापडात. कापड नीट.

"हे... हे एका लॉर्डाचं होतं."

"मंग?"

"मग न्यायमूर्तींचं."

"मंग?"

"साहेबांचं. जंगलखात्याचे मोठे..."

"ओळखतो. मंग?"

जंगलात रातकिडे असतात. तेव्हा नव्हते. गाडीचं इंजिन चालू होतं की बंद, सरांना आठवत नाही.

"मग माझं," सर म्हणाले.

"मधात कोनी?"

सरांनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"मधात कोनी होता का, साहेब?"

सरांनी तोंड उघडलं. नाव घ्यावं म्हणून. खरंच घ्यावं म्हणून. तेवढ्यावर सुटतो असं त्यांना आतून कळलं होतं. पण नाव...

नाव त्यांना माहीत नव्हतं.

म्हातारी सांगत होती. ते गाडीकडे निघाले होते.

"चौकीदार," सर म्हणाले. "एक चौकीदार होता."

"त्याले नाव नसन का?"

कंदील जमिनीवर होता. तरी त्याचा उजेड वर आला... काचेपर्यंत... त्या दोन बोटांच्या फटीतून आत. मग त्या फटीतून एक वही आत आली. उघडी. पान पिवळं. सरांनी खिशातलं पेन काढलं. सही केली. नीब कागदावर करकरलं. शाई उठली नाही. पुन्हा केली. नाही.

"सही नाई चालत साहेब."

फटीतून हात आला. तळहातावर एक बिब्बा. काट्यानं टोचलेला. त्यातून काळं गळत होतं.

"नाव येत नाई तं अंगठा लावा."

"मी..."

"लावा."

दुपट्टा जरा सरकला होता. आत काय होतं ते सरांनी मामाला सांगितलं नाही. मामानं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा सर भिंतीकडे बघत बसले.

त्यांनी अंगठा लावला.

घमेल्यातलं लाकूड तडकलं, तशी रिना प्रणितच्या बाजूला सरकली. मामानं थोडा वेळ हात शेकले.

घरी कसे पोचले, किती वाजता, सरांना काही आठवत नाही. सकाळी गाडी पोर्चमध्ये होती, पुस्तक सीटवर, कापड जसंच्या तसं. सरांनी ते आत नेलं, उघडलं नाही, कपाटात सगळ्यात खाली सरकवून कुलूप लावलं. अंगठ्याला टपोरे फोड आले होते. मुंबईहून मेसेज आला, फोटो उघडत नाही, पुन्हा पाठवा. त्यांनी पाठवला नाही. यादी त्यांच्या नावाशिवाय छापली गेली. त्याच घोड्यांच्या डॉक्टरचं आणखी एक पुस्तक दुसऱ्या कोणाकडे होतं, त्या मालकाचं नाव मात्र आलं.

"बिब्बा उतला," प्रणित म्हणाला. "सिंपल आहे मामा. खरवडताना भुगा बोटाला लागला. बिब्ब्यानं कातडी सोलते. जीव घाबरलेला, रात्रीची वेळ, बाकीचं डोक्यानं तयार केलं."

"मी बी तेच म्हणलो त्याले. स्किनच्या डॉक्टरनं बी तेच सांगितलं. महिन्याभरात नवीन कातडी येते म्हणे, रेघा परत येते."

फोड आठवड्यात गेले. नोव्हेंबर संपत आला तसे सर हयातीचा दाखला द्यायला गेले. पेन्शनवाल्यांना दरवर्षी लागतोच, माणूस जिवंत आहे म्हणून. रांगेत पुढं-मागं निराधार योजनेच्या म्हाताऱ्या. धान रोवून, तेंदूपत्ता तोडून त्यांचे अंगठे इतके घासलेले असतात की मशीन घेत नाही. दरवर्षी सर या बायांवर वैतागायचे. रांग अडवतात म्हणून.

त्या दिवशी एकेका बाईचा अंगठा लागत गेला. सरांचा लागला नाही.

पुसला. पुन्हा. तेल लावलं, पावडर लावली. पुन्हा. मशीनवरची पोरगी त्यांचा हात हातात घेऊन बघायला लागली. "सर, यावर तं काईच नाई हाये."

मागची एक म्हातारी वाकून बघत म्हणाली, "अगं बाई. अंड्यावानी."

"डाव्या अंगठ्यानं होतं की," रिना म्हणाली. "चेहऱ्यानंही होतं आता."

"झालं ना, डाव्यानंच झालं. मेला थोडीच तो. पन मी पाहिला तो उजवा. डिसेंबरात त्यानं मले बोलावलं. पहिल्यांदा देवराव म्हणलं, अन पहिल्यांदा चहा दिला, स्वतः करून. मी अंगठा हातात घेतला, बॅटरी मारली. रेघ नाई. आता कातडी सोलली म्हणून रेघ गेली, मान्य. पन तीन टाक्याची खूण? ते तं हाडापर्यंत गेलती. मीच दाबली होती. ते बी नाई."

सरांनी पुस्तक मामाकडे दिलं. कापडासकट. "परत देऊन ये. मी उघडलं नाही, तूही उघडू नकोस." आणि दारापर्यंत सोडायला आले, तेव्हा हळूच विचारलं, "त्याचं नाव काय होतं रे?"

मामानं सांगितलं. सरांनी दोनदा म्हणून पाहिलं. शाळेतल्या पोरासारखं.

मामा बसनं गेला. भर दुपारी, मुद्दाम. मनकर्णाबाई अंगणातच होती. तिनं कापड सोडलं, पहिलं पान उघडलं. मामा तिच्या खांद्यावरून बघत होता. कागद खरवडलेला दिसेल, चमच्यानं घोटलेली चमक दिसेल, सरांची झोकदार सही दिसेल. म्हातारीला काय सांगायचं, हे तो बसमध्ये ठरवून आला होता.

खरवडलेलं काही नव्हतं. सही नव्हती.

साहेबाच्या ओळीखाली लटारूचा अंगठा होता. काळाकुट्ट, एकेक रेघ मोजून घ्यावी असा.

आणि त्याच्या खाली अजून एक. जरा लहान. तोही बिब्ब्याचा. मधून एक बारीक तिरपी रेघ गेलेली, कोरी. तीन टाक्यांची.

मनकर्णाबाईनं पान उन्हाकडे केलं, नीट पाहिलं.

"लावला म्हना शेवटी," ती म्हणाली. आणि पुस्तक कोटात गुंडाळायला लागली.